कंपनी बंद करायची आहे, पण सीएंचे बिल मिटत नाही

प्रश्न : सांगलीत आमची बेदाणा पॅकिंगची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. मी आणि धाकटा भाऊ, दोघेच संचालक आणि दोघेच भागधारक. जानेवारी २०२३ मध्ये धंदा थांबवला. २०२२-२३ पर्यंतचे सगळे फॉर्म वेळेत गेले, पुढच्या दोन वर्षांचे राहिले. आता कंपनी बंद करायला गेलो, तर आमच्या सीएंनी तोंडी हिशेब सांगितला : जुनी बाकी ४६,००० रुपये, राहिलेल्या दोन वर्षांचे ऑडिट आणि फॉर्म सरकारी दंडासह दीड लाख, कंपनी बंद करण्याचे ४०,०००. कंपनीच्या खात्यात ६२,००० आहेत. फाइल आणि आमच्या डिजिटल सहीची डोंगल त्यांच्याकडेच आहेत, 'आधी हिशेब मिटवा' म्हणतात. भाऊ म्हणतो, कंपनी लिमिटेड आहे, बिल तसेच ठेवून बंद करून टाकू. काय करावे?

उत्तर : ताई, आधी भावाला थांबवा. 'लिमिटेड'चे संरक्षण आहे हे त्याचे म्हणणे आजच्या घडीला बरोबर आहे. सीएंची फी हे कंपनीचे देणे आहे, तुम्ही वैयक्तिक हमी दिली नसेल तर ते तुमच्या घरावर येत नाही. पण कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४८(२) खाली सरकारी नोंदवहीतून नाव काढून टाकण्याचा, म्हणजेच कंपनी बंद करण्याचा, अर्ज करताना कंपनीची सगळी देणी आधी फेडलेली असावी लागतात. तसे प्रतिज्ञापत्र प्रत्येक संचालक देतो. त्याच्या जोडीला एसटीके-३ नमुन्यातले नुकसानभरपाईचे बंधपत्र असते. कंपनीचे नाव निघाल्यावर कोणाचा कायदेशीर दावा उभा राहिला तर तो आम्ही भागवू, असे त्यात लिहून द्यावे लागते. म्हणजे आज जे बिल कंपनीचे आहे, ते त्या सहीनंतर तुम्हा दोघांचे होते. शिवाय अर्ज गेल्यावर जाहीर सूचना निघते आणि ३० दिवसांत कोणीही हरकत घेऊ शकतो. सीए तर पहिले घेतील. बाकी माहीत असून 'देणे शून्य' असे लिहिले, तर कलम २५१ खाली प्रकरण फसवणुकीचे होते. तेव्हा बिल मिटवायचे ते सहीच्या आधी.

पण मिटवायचे म्हणजे सांगितला तो आकडा मोजायचा, असे मुळीच नाही. मला सर्वांत जास्त खटकतो तो दीड लाख.

कंपनीचे नाव काढण्याच्या नियमांत २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. अर्जाआधी एओसी-४ (ताळेबंदाचा) आणि एमजीटी-७ (वार्षिक विवरणाचा) हे थकलेले फॉर्म भरलेच पाहिजेत, पण कोठपर्यंतचे? ज्या आर्थिक वर्षात कंपनीने कामकाज थांबवले, त्या वर्षाच्या अखेरपर्यंतचे. तुमचा धंदा जानेवारी २०२३ ला थांबला, म्हणजे वर्ष २०२२-२३, आणि त्याचे फॉर्म तुम्ही भरलेले आहेत. सलग दोन आर्थिक वर्षे व्यवहार नाही, ही अटही पुरी होते. मग २०२३-२४ आणि २०२४-२५ चे ऑडिट करून, प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये उशिराचे शुल्क भरत बसणे ही या अर्जाची पूर्वअट नाही. त्या शुल्काला कमाल मर्यादा नाही, एका फॉर्मचे एका वर्षाचे ३६,५०० होतात. दीड लाखातला मोठा हिस्सा त्यातूनच आला असणार.

इथे एक गोष्ट आजच तपासा. तुमच्या नोंदणीकृत पत्त्यावर कंपनी निबंधकांची, कंपनीचे नाव काढण्याबाबतची नोटीस आली आहे का? निबंधकांनी स्वतःहून कारवाई सुरू केली असेल तर ही सवलत मिळत नाही, तेव्हा सगळी थकलेली वर्षे भरावी लागतात. पत्ता जुन्या गोडाऊनचा असेल तर तिथे जाऊन विचारा, शेजाऱ्याने टपाल ठेवून घेतले असेल. आणि सवलत असली तरी दरवर्षीचे फॉर्म भरण्याची जबाबदारी कंपनीचे नाव निघेपर्यंत संपत नाही. सलग तीन वर्षे चुकली तर कलम १६४(२) प्रमाणे तुम्ही दोघेही पाच वर्षे संचालकपदाला अपात्र ठरता. तुमची दोन चुकली आहेत. म्हणून रेंगाळू नका.

आता ४६,००० ची जुनी बाकी. ३१ मार्च २०२३ चा ताळेबंद काढा. त्याच्या टिपांमध्ये 'देय ऑडिट फी' अशी एक ओळ असेल. समजा तिथे १८,००० दिसले आणि खाली तुमची व सीएंची दोघांची सही आहे, तर तेवढी रक्कम बिनविरोध मान्य ठरते. ती देऊन टाका. सीए संस्थेचा नियमच आहे की आधीच्या ऑडिटरची अशी निर्विवाद फी थकलेली असेल तर दुसऱ्या सीएने ते ऑडिट स्वीकारू नये. उरलेल्या रकमेचे मात्र लेखी बिल मागा : कोणत्या वर्षाचे, कोणते काम. कारखान्याला कुलूप लागल्यानंतरही दर महिन्याचे 'अकाउंटिंग चार्जेस' लावले असतील तर ते कशाचे, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. केलेल्या कामाच्या मोबदल्याच्या दाव्याला मुदत साधारण तीन वर्षांची असते. पण काम खरोखर झाले असेल तर मुदतीचा मुद्दा काढून कोणाची मेहनत बुडवू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त हिशेब हाती येण्याआधी व्हॉट्सॲपवर 'सगळे देतो' असे लिहू नका. लेखी कबुली महागात पडते.

फाइल अडवून ठेवण्याबद्दल. करार कायद्याच्या कलम १७१ मध्ये एकूण बाकीपोटी माल अडवण्याचा हक्क कोणाला आहे याची यादी आहे, तीत सनदी लेखापाल (सीए) नाहीत. वकिलांनी फीसाठी पक्षकाराची फाइल अडवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले, कारण फाइल हा 'माल' नव्हे. तोच तर्क इथे लावता येतो. डोंगलबाबत तर वादच नको. डिजिटल सही तुमची आहे आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४२ नुसार ती ताब्यात ठेवण्याची काळजीही तुम्हीच घ्यायची आहे. ती आजच परत मागा, दिली नाही तर जुनी रद्द करून नवी घ्या.

आणखी एक. तुमचे हिशेब लिहिणारे आणि ऑडिटवर सही करणारे एकच आहेत का? असतील तर कंपनी कायद्याचे कलम १४४ ते चालवून घेत नाही. याची धमकी देऊ नका, पण तुम्हाला ठाऊक असू द्या.

कंपनी बंद करण्याचे ४०,००० जास्त की कमी? कायद्याने दर ठरलेला नाही. एवढे विचारा : एसटीके-२ चे, म्हणजे नाव काढण्याच्या अर्जाचे, सरकारी शुल्क १०,००० रुपये त्यात धरले आहे का, १८ टक्के जीएसटी वेगळा का, आणि निबंधकांकडून त्रुटी निघाली तर दुरुस्तीचे पुन्हा पैसे का. हे काम त्यांच्याकडूनच करून घ्यायचे बंधन नाही. अर्जासोबतचे देणी-मालमत्तेचे विवरण कोणताही सनदी लेखापाल प्रमाणित करू शकतो, आणि फॉर्मवर व्यवसायात असलेल्या कंपनी सेक्रेटरीची सहीही चालते. दोन ठिकाणी लेखी दर विचारा. विवरण अर्जाच्या तारखेला ३० दिवसांपेक्षा जुने चालत नाही, अर्ज लांबला तर ते पुन्हा करावे लागते. त्यामुळे अर्धी फी काम देताना आणि अर्धी अर्ज दाखल झाल्यावर, असे ठरवा.

पैसे कंपनीच्या खात्यातूनच द्या आणि खाते त्यानंतरच बंद करा. कमी पडले तर तुम्ही दोघे भर घाला, पण ते कंपनीला दिलेले कर्ज म्हणून लिहू नका, नाहीतर तेच नवे देणे होऊन बसेल. जीएसटी नोंदणी चालू असेल तर ती आधी रद्द करा, त्यानंतर तीन महिन्यांत शेवटचे विवरणपत्र भरायचे असते. हे छोटे काम बरेच जण विसरतात.

उद्या सीएंना ईमेल करा : 'आपण सांगितलेल्या ४६,००० रुपयांचे वर्षवार व कामवार बिल सात दिवसांत द्यावे. ताळेबंदातील मान्य ऑडिट फी आम्ही सोबत बँकेमार्फत पाठवत आहोत. २०२३-२४ व २०२४-२५ चे ऑडिट आपण आम्हाला विचारल्याशिवाय सुरू करू नये. कंपनीची कागदपत्रे व दोन्ही डोंगल परत द्यावीत. उरलेल्या रकमेवर एकमत झाल्यावर ती देऊन आपल्याकडून 'कंपनीकडे व संचालकांकडे काहीही येणे बाकी नाही' असे पत्र घेऊ.' त्या पत्रात 'संचालकांकडे' हा शब्द राहिलाच पाहिजे. पत्र हाती आल्यावरच दोघांनी बंधपत्रावर सह्या करा.