समुद्राच्या लाटांत उभं राहून गळ टाकायला टिकाऊ आणि आत घाम न साठणारे वेडर्स कोणते घ्यावेत?

तुम्ही लातूरचे, वर्षातून दोन-तीनदा कोकणात गळ घेऊन जाता, आणि दुकानदारानं तुम्हाला सांगितलंय की ‘ब्रीदेबल नाजूक असतात, रबरीच घ्या, जन्मभर टिकतील’. प्रश्नातलं हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी गेली कित्येक वर्षं आमच्या दाजींच्या तोंडून ऐकतोय.

आधी उत्तर देऊन टाकतो. वेडर्स म्हणजे पाण्यात उभं राहायला घालायची, छातीपर्यंत येणारी, पाणी न शिरणारी विजार; ब्रीदेबल म्हणजे त्यातलीच घामाची वाफ बाहेर सोडणाऱ्या कापडाची. ब्रीदेबलच घ्या, पण ज्यांना बूट खालीच जोडलेले असतात ते घ्या. टोकाला निओप्रीनचा, म्हणजे फोमसारख्या मऊ रबराचा, मोजा आणि वरून वेगळा बूट, असा प्रकार समुद्रासाठी घेऊ नका. नदीला, धरणाला तो उत्तम. मी स्वतः आजही तोच वापरतो. पण वाळूला नाही. हे मी पैसे आणि इज्जत दोन्ही घालवून शिकलोय.

आम्ही भोई. जिंतूर तालुक्यात येलदरीच्या बॅकवॉटरला आमचं गाव. आजोबा पूर्णेत फेकजाळं टाकायचे, वडील संस्थेच्या ठेक्यावर मासेमारी करायचे. मी परभणीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो, पण रविवारी पहाटे पाण्यातच असतो. वडिलांच्या पायाच्या बोटांत बारा महिने चिखल्या असायच्या. डिसेंबरात परभणीचा पारा दहाच्या खाली जातो. त्या थंडीत ते पहाटे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहायचे आणि घरी आल्यावर तासभर चुलीपुढून उठायचे नाहीत. येलदरीच्या फुगवट्यात बुडालेल्या बाभळी आहेत. पाणी उतरलं की खोडं गुडघ्याला लागतात आणि काटे गाळात उभेच्या उभे असतात. म्हणून २०१७ साली पहिले पैसे साठल्याबरोबर मी साडेनऊ हजारांचे ब्रीदेबल वेडर्स मागवले. दाजी म्हणाले, “कामून पैसे घालवायलास? हे कापड हाय, बाभळीचा काटा घुसला की संपलं.” त्यांनी स्वतः अठराशेंचे जाड प्लास्टिकचे घेतले होते, पीव्हीसीचे. दाजी त्यालाच ‘रबर’ म्हणतात.

दाजी म्हणजे अक्काचे मालक. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. मराठवाड्यातले किती गुरुजी कोकणात नोकरीला आहेत आणि आंतरजिल्हा बदलीची वाट बघत कसे दिवस काढतात हे तुम्हाला माहीतच असेल. दाजी तेव्हा गुहागर तालुक्यात होते. २०१९च्या जानेवारीत आम्ही अक्काकडे गेलो, तेव्हा दाजी आणि मी गुहागरच्या किनाऱ्यावर गळ टाकायला गेलो.

पहिल्या दिवशी दुपारी भरती चढत होती. मी गुडघाभर पाण्यात होतो, दाजी माझ्यापुढे पाच-सहा हात, मांडीएवढ्या पाण्यात. मी कमरेचा पट्टा करकचून आवळलेला. दाजींनी पट्टा बांधलाच नव्हता, खांद्यांवरचे पट्टे तेवढे होते. सांगितलं तर म्हणाले, “पट्टा बांधला अन्‌ पाणी आत शिरलं तर ते निघणार कसं?” पाणी आत शिरूच नये म्हणून पट्टा असतो, हे त्यांना पटत नव्हतं. मग त्यांच्या गळाला काहीतरी लागलं. मला हाक मारायला ते मागं वळले, समुद्राकडे पाठ झाली, आणि नेमकी तेव्हाच मोठी लाट आली. ती पाठीवर आदळली आणि वरच्या उघड्या तोंडातून सगळीच आत गेली. माणूस गुडघ्यावर बसला. उठायला गेले की परतणारं पाणी पायाखालची वाळू ओढून नेत होतं आणि ते पुन्हा बसत होते. वर अक्का ओरडत होती. मी खांद्याचा पट्टा धरला आणि म्हणलं, “दाजी, उठू नका, आडवे व्हा, लाट येऊ द्या.” दोन लाटांनी आम्हाला ओल्या वाळूवर आणून टाकलं. पट्टे सोडून त्यांचे पाय मी एकेक करून वर उचलले तर एकेका पायातून घागरभर पाणी पडलं. रॉड गेला तो गेलाच.

इथं एक गैरसमज मोडायला पाहिजे, कारण दाजी तेव्हापासून सांगतात की ‘वेडर्समध्ये पाणी भरलं की माणूस दगडासारखा तळाला जातो’. नाही जात. पाण्यात असताना आतल्या पाण्याचं ओझं जाणवत नाही, कारण आत पाणी आणि बाहेरही पाणीच. ली वुल्फ नावाचे अमेरिकेतले नामांकित गळकरी होते. हीच भीती मोडायला ते वेडर्स घालून पुलावरून नदीत उडी मारून पोहत बाहेर आले होते. ओझं होतं ते बाहेर निघताना. पाय पाण्यावर आला की प्रत्येक पावलाला घागर बांधलेली असते. समुद्रात तर प्रत्येक लाट मागं खेचत असते. म्हणून पट्टा. आत हवा राहते, पाणी येतं ते थोडं येतं, उठता येतं. लाटांच्या जागी वेडर्सवरून जॅकेट घालावं आणि पट्टा त्या जॅकेटवरून बांधावा, म्हणजे छातीवर फुटलेली लाट आत उतरत नाही. ब्रीदेबल, रबरी, स्वस्त, महाग, काहीही असो, पट्ट्याशिवाय पाण्यात पाय घालू नका. आणि समुद्राकडे पाठ करू नका, कूस करा.

आता माझी फजिती. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या उजव्या पायात ओल जाणवली. तासाभरात मोजा पाण्यानं भरला. दाजींचे पीव्हीसी कोरडे. त्यांनी अक्काला हाक मारून सांगितलं, “बघ, रबर सुटलं न्हाई, ह्याचं कापड गळालं.” तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात, एकदा तर तेराव्यालासुद्धा, पंगतीत बसल्यावर ही गोष्ट निघते. आदल्या दिवशीच्या घागरीची निघत नाही.

परभणीला आल्यावर मी कापडाची कसून तपासणी केली. वेडर्सचं वरचं तोंड गुंडाळत आणलं, हवा खाली पायात कोंडली आणि पंक्चरवाल्यासारखं पाऊल घमेल्यातल्या पाण्यात बुडवून दाबलं. मांडी, गुडघा, नडगी कुठूनही काही नाही. बुडबुडे आले ते टाचेतून. बारीक, मोहरीएवढे, एका ओळीत पाच-सहा. आणि ते कापड नव्हतंच, निओप्रीनचा मोजा होता. बूट उलटा करून आपटला तर मूठभर वाळू पडली. दोन दिवस मी त्या वाळूवर चाललो होतो. बूट आणि मोजा यांच्यामध्ये वाळू म्हणजे पॉलिश पेपर. घोट्यावर वाळू अडवायची पट्टी असते खरी, नदीच्या खड्यांना ती पुरते. पण लाटेबरोबर आलेली बारीक वाळू ती अडवत नाही. बूट जोडलेला असला तर वाळूला आत जायला जागाच नाही. शिवाय घालायला-काढायला दोन मिनिटं. तोटे आहेत. घोट्याला आधार कमी असतो, वजन जास्त वाटतं आणि बुटाचं माप चुकलं तर सगळंच चुकलं. तरी वाळूसाठी तेच.

त्यानंतर कापडाचीही परीक्षा घेतली. वेडर्स उलटे करून आतून आयसोप्रोपिल अल्कोहोल मारलं. जिथं भोक असतं तिथं काळपट ठिपका उठतो. सव्वा वर्ष बाभळीत फिरलेल्या कापडावर एकच ठिपका निघाला, डाव्या गुडघ्याखाली, ज्वारीच्या दाण्याएवढा. त्यावर युरेथेनचा गोंद लावला, रात्रभर सुकू दिला. टाचेला पण तोच लावला. दोन्ही ठिकाणं आजवर गळलेली नाहीत. फेविक्विक लावू नका. ते कडक होतं आणि वाकलं की तडकतं.

म्हणजे टिकाऊपणा बघायचा तर थरांच्या आकड्याला भुलू नका. पायाला चार-पाच थर आणि वर तीन असं असतं, ते ठीक आहे. पण बहुतेक वेडर्स जातात ते शिवणीतून. दोन्ही मांड्या एकमेकींवर घासतात तिथली आतली शिवण आणि जांघेतला चौक, ही दोन ठिकाणं बोटानं चाचपून बघा. आतून सगळ्या शिवणींवर टेप चिकटवलेली पाहिजे, कुठंही कड उचललेली नको. ज्या कंपन्या पायाची शिवण आतल्या बाजूऐवजी मागं किंवा पुढं नेतात त्यांचे जास्त टिकतात. दुकानात घालून उकिडवं बसा, मग एक पाय स्टुलावर ठेवा. जांघेत ताण आला तर नको, आणि मांडीत कापडाच्या घड्या पडत असतील तरी नको, कारण ढगळ कापड घासतं.

घामाचं. आत एक पातळ पडदा असतो. बॉब गोअर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉनच्या जातीचं प्लास्टिक झटक्यात ताणून तो पहिल्यांदा बनवला, गोअर-टेक्स हे नाव त्यावरून आलं. बनवणारे सांगतात की त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबाच्या २०,०००व्या हिश्शाएवढी लहान, पण वाफेच्या कणाच्या ७०० पट मोठी. म्हणून थेंब आत येत नाही आणि घामाची वाफ बाहेर जाते. पण ती आपोआप जात नाही. आत ऊब आणि दमट, बाहेर गार आणि कोरडं असेल तरच ती बाहेर ढकलली जाते. परभणीच्या डिसेंबरात हे कापड सोन्यासारखं काम करतं. पहाटे चार तास उभं राहून आतली पँट कोरडी निघते. गुहागरच्या दमट हवेत तेच कापड अर्धवट चालतं. तरी पीव्हीसीपेक्षा कितीतरी बरं. दाजींच्या पीव्हीसीमध्ये त्या दिवशी समुद्र शिरायच्या आधीच पायजमा पिळून निघाला असता. आत सुती काही घालू नका, सुती घाम धरून ठेवतं. खेळाडूंची पातळ पॉलिस्टरची पँट घाला.

टिकण्याची निम्मी गोष्ट घरी आल्यावरची आहे. समुद्रावरून आलात की आतून-बाहेरून गोड्या पाण्यानं धुवा, सावलीत दोरीवर वाळवा, आतली बाजू पूर्ण वाळल्याशिवाय गुंडाळू नका. कपडे मऊ करायचं लिक्विड लावू नका. बाहेरून थेंब मोत्यासारखे घरंगळायचे थांबले की पाणी झटकणारा लेप गेला असं समजा. सौम्य साबणानं धुऊन पुन्हा फवारायचा स्प्रे मिळतो. आणि आपल्याकडं सगळ्यात मोठा शत्रू मीठ नाही, पत्रा आहे. मे महिन्यात ४४ अंशांत पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेले वेडर्स टेपचा गोंद सुटून जातात. दाजींचे ‘जन्मभराचे’ पीव्हीसी त्यांच्या गावच्या शेडमध्ये खिळ्यावर दोन उन्हाळे लटकले आणि दोन्ही गुडघ्यांच्या घडीवर आरपार चिरले. ते मी २०२१च्या दिवाळीत माझ्या डोळ्यांनी बघितलं. असं घडीवर आरपार चिरलेलं जुनं पीव्हीसी चिकटवून फार टिकत नाही. माझे कापडी आजही दुकानाच्या मागच्या खोलीत दोरीवर आहेत, परवाच्या रविवारी पाण्यात होते.

एक गोष्ट खरं तर आधीच सांगायला पाहिजे होती. तुम्ही फेब्रुवारी संपल्यावर कोकणात जात असाल तर वेडर्स लागतच नाहीत. तिथलं पाणी गार नसतंच. तिथली माणसं अर्ध्या चड्डीवर उभी असतात आणि त्यांचंच बरोबर आहे. वाळूला पकडणारे जुने बूट घाला, पुरे. वेडर्सचा उपयोग डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, वारा असताना, आणि इकडं मांजरा किंवा माजलगाव धरणाच्या पाण्यात जास्त. आणि कुठलेही वेडर्स पाखटाचा (वाळूत दडून बसणारा चपटा मासा, शेपटीला विषारी काटा असतो) काटा अडवत नाहीत, त्यामुळं वाळूत पाय उचलून टाकू नका, घासत न्या, म्हणजे पाखट आधीच सरकतं.

दाजींची बदली झाली, आता ते परभणी जिल्ह्यात आहेत. येलदरीला माझ्याबरोबर येतात, पण पट्टा अजून बांधत नाहीत, म्हणून मी त्यांना गुडघ्यापुढं जाऊ देत नाही.

तुमची उंची आणि बुटाचा नंबर लिहिलात तर मापाचं सांगतो. कंपनीच्या तक्त्यात छातीचं माप आधी बघू नका. जांघेपासून टाचेपर्यंतची लांबी आधी मोजा, छातीला पट्ट्यानं सावरता येतं.