दगडात पानाचा ठसा सापडला तर झाड कोणतं आणि तेव्हाचं हवामान कसं होतं, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की पन्हाळ्याच्या वाटेवर फुटलेल्या दगडात नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसली. स्पष्टच सांगतो, ते बहुतेक पान नाहीच. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात पान पडलं तर जळून जाणार. दगडाच्या भेगेत पाणी झिरपतं आणि त्यातलं मँगनीज भेगेच्या कडेपासून आत फांद्या फुटल्यासारखं पसरतं. 10 पटीचं भिंग लावून बघा. या फांद्यांना मध्यशीर नसते, दोन्ही बाजूंचा मेळ नसतो, पानाची बाह्यरेषा तर नसतेच. नेच्याच्या ठशात पर्णिका ओळीने बसलेल्या असतात आणि प्रत्येकीची शीर वेगळी दिसते.

खरं पान गाळात मिळतं. नागपूर-छिंदवाड्याकडे लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये तळ्यांचा गाळ सापडला आहे. तिथल्या मोहगाव कलान गावच्या चर्टमध्ये, म्हणजे गारगोटीसारख्या कठीण दगडात, फळं आणि लाकूड पेशींसकट टिकलंय. चंद्रपूर-नागपूरच्या गोंडवाना खडकांत, म्हणजे कोळसा असलेल्या जुन्या गाळाच्या थरांत, ग्लॉसोप्टेरिस ही नामशेष वनस्पती मिळते, 25 कोटी वर्षांहून जुनी. आपल्याला जवळचं म्हणाल तर घाट उतरून रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याखाली लिग्नाइटची, म्हणजे कच्च्या तपकिरी कोळशाची माती आहे. वय ठरतं ते थरावरून, पानाच्या चेहऱ्यावरून नाही. ठिकाण आणि थर लिहिलेला नसेल तर तो नमुना शोकेसमध्ये ठेवायचा दगड, बाकी काही नाही.

आता माझं दुखणं. शाळा-कॉलेजच्या प्रदर्शनांत असे ठसे मांडलेले असतात आणि खाली पाटी असते, ‘पिंपळ’. का, तर पान बदामी आणि टोक लांब. अहो, बदामी पान गुळवेलीचं असतं, नागवेलीचं असतं, पारोसा पिंपळाचंही असतं. मूळ दगड कुठला, कुणालाच ठाऊक नाही. त्यावर चकचकीत वार्निश, म्हणजे पानावर टिकलेल्या कार्बनच्या पातळ थराची पुढची तपासणीही अवघड करून ठेवली. विचारलं तर म्हणतात, ‘नाव नाही दिलं तर लोकांना काय समजणार?’ हा वाद मी बरीच वर्षं घालतोय.

आकार सगळ्यात शेवटी बघायचा, आधी शिरा. दाजीपूरच्या जंगलात जांभळाचं पान उन्हाकडे धरा. मध्यशिरेतून बारीक, जवळजवळ समांतर उपशिरा निघतात, पण कडेला पोहोचत नाहीत. कडेच्या अगदी आत एक शीर पानभर धावते, त्या तिला मिळतात. दालचिनीच्या पानात बुडाजवळूनच तीन ठळक शिरा टोकाकडे जातात. ठशात जांभळासारखी कडेची शीर दिसली तरी लगेच जांभूळ म्हणू नका, निलगिरीतही ती असते. कूळ सांगता येईल, तेही बाकीची लक्षणं जुळली तर. नोंदवायचं ते हे: मध्यशिरेशी उपशिरांचा कोन, दोन उपशिरांमधलं अंतर, त्या कडेला भिडतात की आतच कमानीने वळतात, तिसऱ्या दर्जाच्या शिरांची जाळी, कडा अखंड की दातेरी, बूड, टोक, देठ. तुलनेसाठी आजची पानं हवीत. ती 5 टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात काही दिवस ठेवा, पाणी तपकिरी झालं की बदला. मग पातळ ब्लीचमध्ये पांढरी करून सॅफ्रॅनिन या लाल रंगाने रंगवा, शिरा लख्ख दिसतात. हातमोजे आणि चष्मा हवाच, कॉस्टिक कातडी सोलून काढतो.

आणि हवामानाला नावाची गरजच नाही! पानं दिसण्यावरून वेगवेगळ्या प्रकारांत लावायची आणि प्रत्येक प्रकार एकदाच मोजायचा. उष्ण भागात अखंड कडेच्या पानांचं प्रमाण जास्त, थंड भागात दातेरी पानांचं. बेली आणि सिनॉट या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञांनी हे 1915 साली मांडलं. पुढे जीवाश्म-वनस्पतींचे अभ्यासक वुल्फ यांच्या पूर्व आशियातल्या जंगलांच्या आकड्यांवरून सूत्र निघालं: वार्षिक सरासरी तापमान = 30.6 × अखंड कडेच्या प्रकारांचं प्रमाण + 1.14. समजा 30 प्रकार मिळाले आणि 21 अखंड निघाले. प्रमाण 0.7, उत्तर साधारण 22.6 अंश सेल्सिअस. नुसत्या कमी नमुन्यांमुळेच यात अडीच अंशांची चूक धरावी लागते. 10 प्रकारांवर तीच साडेचारच्या जवळ जाते, म्हणून 20 च्या खाली हिशेब करू नये. एका पानावरून हवामान सांगणारा माणूस ज्योतिषी समजावा. पावसाचा अंदाज पानांच्या आकारमानावरून निघतो, पण मोठी पानं वाहत येताना आधी फाटतात, त्यामुळे उत्तर कोरड्याकडे झुकतं.

गोळा करताना थराच्या रेषेत पातळ छिन्नी लावा, वरून घाव घालू नका. दगड उघडला की दोन्ही तुकडे घ्या, एकच क्रमांक, अ आणि ब. शिरा कधी कधी दुसऱ्याच तुकड्यावर जास्त चांगल्या उठतात. शेल, म्हणजे गाळाचा पापुद्र्यांचा मऊ दगड, उन्हात ठेवला तर पापुद्रे सुटतात, पाण्याने धुतला तर चिखल होतो. वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत वाळू द्या. फोटो एका बाजूने तिरका उजेड टाकून, शेजारी पट्टी ठेवून काढा. समोरून फ्लॅश मारला की बारीक शिरा गेल्याच. वार्निश, फेव्हिकॉल, खोबरेल, काहीही लावायचं नाही.

हे राहिलंच: सूत्रात फक्त द्विदल झाडंझुडपं येतात. नेचे, ताड, गवत, सूचिपर्णी वगळा. ग्लॉसोप्टेरिसला तर ते लावूच नका, तेव्हा द्विदल झाडं जन्मालाच आली नव्हती. नदीकाठच्या झाडांत दातेरी पानं जास्त असतात आणि गाळात नेमकी तीच अडकतात, त्यामुळे तापमान खऱ्यापेक्षा कमी येतं. दातांचं खरं कारण काय, यावर अजून एकमत नाही.

पाटीवर काय लिहायचं? ‘द्विदल पान, प्रकार 7, कडा अखंड’, खाली ठिकाण आणि थर. नावाची जागा रिकामी राहिली तर राहू द्या.