रिपोर्टवर ‘अ‍ॅटिपिकल टाकोत्सुबो’ आलंय, म्हणजे काय?

ताई, तुम्ही खानापूरहून लिहिलंय की बाबांच्या बाराव्याला आईच्या छातीत कळ आली, बेळगावात अँजिओग्राफीत एकही ब्लॉकेज निघालं नाही आणि डिस्चार्ज कार्डावर ‘अ‍ॅटिपिकल टाकोत्सुबो, मिड-व्हेंट्रिक्युलर’ असं आलं. टाकोत्सुबो म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर हृदयाच्या डाव्या कप्प्याचा काही भाग तात्पुरता हलेनासा होणं. अ‍ॅटिपिकल म्हणजे जास्त वाईट का, असं विचारलंत. नाही. हृदयाचा कुठला भाग रुसलाय, तेवढंच तो शब्द सांगतो.

बेळगावात इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या खोलीत बावीस वर्षं काढली, त्यातलं सांगते. नेहमीच्या प्रकारात डाव्या कप्प्याचं टोक हलायचं थांबून फुगतं, वरचा भाग मात्र जोरात आवळतो. स्क्रीनवर अगदी तुमच्या खानापूरच्या कुंभाराचं गाडगं दिसतं, गळा अरुंद आणि पोट फुगीर. जपानी डॉक्टरांना १९९० मध्ये त्यात ऑक्टोपस पकडायचं मडकं दिसलं, तेच नाव पडलं. आईच्या हृदयात टोक हलतंय, वरचा भागही हलतोय, मधला पट्टा तेवढा थंडावलाय. पखवाज डोळ्यांसमोर आणा, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता. कुणाचा वरचाच भाग थांबतो, कुणाचा एखादाच तुकडा. २०१५ साली १,७५० रुग्णांची आंतरराष्ट्रीय नोंद छापून आली. त्यात टोक थांबणारा नेहमीचा, म्हणजे टोकाचा प्रकार ८१.७ टक्के, आईसारखा मधला १४.६ टक्के. दहातल्या नऊ बायकाच.

अ‍ॅटिपिकलवाल्यांचं वय सरासरीनं थोडं कमी असतं, पंपिंगही तितकं खाली जात नाही. म्हणून कुणी ‘हलकं आहे’ म्हणालं तर ऐकू नका. दवाखान्यात असताना होणाऱ्या गुंतागुंती दोन्हींत जवळपास सारख्याच आढळल्यात. टोकाच्या प्रकारात फुगलेल्या भागात गुठळी होऊ शकते. त्या गाडग्याच्या गळ्याशी, म्हणजे हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथं, वाट अडली असेल, तर प्रेशर वाढवायला दिलेली काही औषधं उलटतात, म्हणून डॉक्टर आधी इको बघतात. अ‍ॅटिपिकलमध्ये मात्र दुःखापलीकडचं कारणही शोधावं लागतं. मेंदूचा आजार असू शकतो, क्वचित मूत्रपिंडावरच्या ग्रंथीची गाठही. आईला अधूनमधून एकदम डोकं दुखून, घाम फुटून, धडधड होऊन बीपी चढतं का? तसं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. ‘नवरा गेला म्हणून झालं’ एवढ्यावर सगळे थांबले की हे राहून जातं.

निपाणीच्या एक आजी होत्या, बिड्या वळणाऱ्या. मुलाच्या अपघाताची बातमी कळली आणि त्या कोसळल्या. त्यांचा टोकाचा प्रकार होता. चौथ्या आठवड्यात परत आल्या, तेव्हा मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. टोक हलत होतं. ‘चालतंय की गं,’ म्हणाल्या आणि माझा हात कितीतरी वेळ सोडला नाही.

आईचंही बहुतेक काही आठवड्यांत सुधारेल, पण पुन्हा इको करायची तारीख चुकवू नका, घरात विधी असले तरी. परत छातीत दुखलं तर ‘मागचंच असेल’ असं घरी ठरवू नका. सुरुवातीला हे आणि खरा अ‍ॅटॅक सारखेच दिसतात, लगेच ईसीजीला न्या. आणि पहिल्या इकोची सीडी मागून घ्या. नुसत्या कागदावरून आम्हाला तुलना करता येत नाही.