प्रथिन न घडवणारा आरएनए

प्रश्न : माणसाच्या जीनोमचा (पेशीतल्या संपूर्ण डीएनएचा) जेमतेम दीड-दोन टक्के भाग प्रथिनांची माहिती देतो आणि बाकीचा निरुपयोगी असतो, असे आम्ही शिकलो होतो. आता त्याच भागातून निघणारा आरएनए (डीएनएवरून उतरवली जाणारी प्रत) फार महत्त्वाचा आहे, असे वाचनात येते. खरे काय मानावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्ही विधाने सरसकट मान्य करता येणार नाहीत. ‘प्रथिन नाही म्हणजे काम नाही’ या समजाला मोठा तडा गेला, तो एक मिलिमीटर लांबीच्या सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स या गोलकृमीमुळे. त्याचे लिन-४ हे जनुक बिघडले, की अळी वाढीच्या पहिल्या टप्प्यातल्याच घडामोडी पुन्हा पुन्हा करत राहते. व्हिक्टर अँब्रोस यांच्या प्रयोगशाळेने या जनुकाचा माग काढला, तेव्हा हाती प्रथिन लागलेच नाही. लागला तो अवघ्या २२ न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे साखळीतल्या २२ दुव्यांचा आरएनए. लिन-१४ या दुसऱ्या जनुकाच्या संदेशवाहक आरएनएच्या (प्रथिन घडवण्याची माहिती नेणाऱ्या आरएनएच्या) शेवटच्या भागात त्याला जुळणारे क्रम असून, तिथे तो चिकटला की प्रथिननिर्मिती रोखली जाते, हे गॅरी रव्कुन यांच्या कामातून स्पष्ट झाले. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा शोध बहुतेकांनी कृमीपुरताच मानला. २००० मध्ये लेट-७ हा तसाच छोटा आरएनए माणसासह अनेक प्राण्यांत सापडला, तेव्हा कुठे या मायक्रोआरएनएंची दखल घेतली गेली; नोबेल पारितोषिक मिळायला २०२४ साल उजाडले.

काही आरएनए मात्र हजारो न्यूक्लिओटाइड लांब असतात. सस्तन मादीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात. त्यांपैकी एकावरून झिस्ट नावाचा आरएनए तयार होऊन त्याच गुणसूत्राला वेढतो आणि ते जवळजवळ पूर्ण बंद पाडतो. मांजरीच्या अंगावर नारिंगी आणि काळे ठिपके शेजारीशेजारी दिसतात, ते यामुळेच : नारिंगी रंगाचे जनुक एक्सवर असते आणि कोणत्या पेशीत कोणता एक्स बंद पडेल, हे गर्भावस्थेतच योगायोगाने ठरते. (पांढरा रंग वेगळ्या जनुकाचा.) बोक्याला सहसा एकच एक्स असतो; असे बोके म्हणूनच क्वचित आढळतात.

तरीही सगळा जीनोम उपयुक्त ठरत नाही. २०१२ मध्ये जीनोमच्या कोणत्या भागाचे काय काम, हे शोधणाऱ्या ‘एन्कोड’ प्रकल्पाने ८० टक्के मानवी जीनोमला जैवरासायनिक कार्य असल्याचे म्हटले, तेव्हा त्यावर कडाडून टीका झाली आणि ती मला रास्त वाटते, कारण पेशीत एखादा आरएनए तयार होतो एवढ्यावरून प्राण्याला त्याची गरज आहे, असे सिद्ध होत नाही. जीनोम मोठा म्हणजे सगळा कामाचा, असेही नाही : ऑस्ट्रेलियातील फुफ्फुसमाशाचा जीनोम सुमारे ४३ अब्ज डीएनए-अक्षरांचा, तर माणसाचा सुमारे ३ अब्जांचा आहे; त्या माशाच्या जीनोमचा बराचसा भाग स्वतःच्या प्रती वाढवत गेलेल्या पुनरावृत्त क्रमांनी भरलेला आहे.