नाशिकहून प्राचीन सोपारा बंदर बघायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न असा: सुट्टीत मुलांना एखादं प्राचीन बंदर दाखवायचंय, घर नाशिकला आहे, तर नालासोपाऱ्यात बघण्यासारखं काही उरलंय का, की सरळ मुंबईचं वस्तुसंग्रहालय गाठावं?

उरलंय. पण सोपाऱ्याला निघण्याआधी पांडवलेण्यांवर जा. नाशिककर लेण्यांवर कितीदा तरी जातात, फोटो काढतात, वारा खातात आणि खाली उतरतात. या वेळी मुलांना घेऊन 10 नंबरच्या लेण्याच्या ओसरीत थांबा. मागच्या भिंतीवर वर, छताखाली, ब्राह्मी या प्राचीन लिपीतल्या अक्षरांच्या लांबलचक ओळी आहेत. समोरून उजेड टाकला तर भिंत सपाट वाटते. मोबाईलचा टॉर्च बाजूने तिरका धरा, म्हणजे खाचांत सावली पडते आणि अक्षरं उठून दिसतात. हात मात्र लावू देऊ नका.

हा लेख उषवदाताचा आहे. क्षत्रप (शक) राजा नहपान याचा तो जावई. काळ साधारण 1900 वर्षांपूर्वीचा. त्याने भरुकच्छ (आजचं भरूच), दशपूर (आजचं मंदसौर), गोवर्धन आणि शोर्पारग इथे प्रवाशांसाठी धर्मशाळा बांधल्या, तळी-विहिरी खोदल्या असं त्यात कोरलंय. शोर्पारग म्हणजे आपलं सोपारा. गोवर्धन तर गंगापूरच्या शेजारचं, आजही त्याच नावाचं गाव. पुढे तापी, दमण, डाहाणुका अशा नद्यांची यादी येते; तिथे त्याने लोकांसाठी फुकट नावा ठेवल्या होत्या. सह्याद्रीच्या अलीकडच्या डोंगरात बसून कुणी किनाऱ्यावरच्या होड्यांची सोय कोरून ठेवतो, यातच सगळं आलं. नाशिकचा माल थळघाट उतरून बंदराला जायचा आणि बंदराचा पैसा घाट चढून इथे यायचा.

त्या पैशाचा हिशेबही तिथेच आहे आणि मला तोच सगळ्यात आवडतो. उषवदाताने गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, 2000 कार्षापणं (त्या काळची नाणी) दरमहा 1 टक्का व्याजाने ठेवली. वर्षाचे झाले 240. लेण्यात पावसाळा काढणाऱ्या 20 भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी 12. मुलांना तिथेच तोंडी करायला लावा, बरोबर जुळतं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, ही अटही कोरलेली आहे.

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. त्याची आई गौतमी बलश्री हिचा लेख 3 नंबरच्या लेण्यात आहे. लेकाच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असं ती अभिमानाने सांगते. हे भांडण बरंचसं बंदरांसाठी आणि घाटवाटांसाठी होतं असं माझं स्पष्ट मत आहे. पेरिप्लस या जुन्या ग्रीक लिखाणात नोंदच आहे की, कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात नहपानाच्या ताब्यातल्या भरूचला नेली जात.

आता सोपारा. पंचवटी एक्सप्रेसने दादर, तिथून विरार लोकलने नालासोपारा, मग पश्चिमेला रिक्षा. बुरुड राजाचा कोट म्हणून ओळखला जाणारा स्तूप तिथे आहे. सांचीसारखं भव्य काही डोळ्यांपुढे आणू नका. विटांचा उंचवटा आहे आणि भोवती गजबजलेली वस्ती. पण 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला तेव्हा मधोमध दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक (झाकणाची डबी), त्यात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात होते मातीच्या भांड्याचे 13 बारके तुकडे, बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. भोवती बुद्धांच्या आठ ब्राँझ मूर्ती. हे सांगून मगच मुलांना स्तूपाला फेरी मारू द्या, नाहीतर दहा मिनिटांत 'चला' म्हणतील. जवळच चक्रेश्वराचं देऊळ आणि तळं आहे, तिथल्या जुन्या मूर्ती बघा. वेळ उरला तर वसईचा किल्ला, चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये घेतलेला, पण त्याला वेगळा दिवस द्यावा हे बरं.

मुंबई शेवटी. करंडक आणि मूर्ती एशियाटिक सोसायटीच्या संग्रही आहेत. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सोपाऱ्याला सापडलेला अशोकाचा शिलालेख आहे, त्याच्या चौदा लेखांपैकी आठव्याचा तुकडा. नवव्या लेखाचा तुकडा 1956 मध्ये शेजारच्या भुईगावला मिळाला. लेण्यांवरची ब्राह्मी आधी पाहिली असेल तर मुलं या दगडापुढे खरंच थांबतात, अक्षरं शोधायला लागतात.

आणि एखादी सकाळ मोकळी असेल तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्र संस्थेचं संग्रहालय आहे, तेही जोडा. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या 13,000 हून जास्त नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या बहुतेकांवर सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. अंजनेरीला नाणी बघताना ही गोष्ट मुलांना सांगा. फक्त निघण्याआधी वेळ फोनवर विचारून घ्या.