कोळशातून बाहेर पडायला कोळशाचाच टिपर घ्यावा का?

चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरहून एका वाचकाने लिहिलं आहे. वय ४२. महाऔष्णिक वीज केंद्राच्या कोळसा हाताळणी विभागात कन्व्हेअर बेल्टवर कंत्राटी फिटर, हातात दरमहा १९,५०० रुपये. पत्नी शिवणकाम करतात, त्यातून चार-पाच हजार. मुलगी अकरावीत, मुलगा सातवीत. स्वतःचं घर आहे, डोक्यावर कर्ज नाही. ‘सगळीकडे सोलर येतंय. आमचे जुने संच कधी बंद होतील सांगता येत नाही, आणि आम्हा ठेकेदारीच्या लोकांना कोणी विचारणार नाही. त्याआधी स्वतःचं काहीतरी करावं म्हणून नोकरी सोडून २८ लाखांचा जुना टिपर घेतोय.’ ७ लाख स्वतःचे: पीएफचे ३ लाख ४० हजार, दागिने मोडून २ लाख ६० हजार, एफडीचे १ लाख. बाकीच्या २१ लाखांना एक फायनान्स कंपनी १४ टक्क्यांनी चार वर्षांसाठी तयार आहे. इसार म्हणून २५ हजार देऊनही झाले आहेत.

भाऊ, तुमची भीती खरी आहे. पण हा टिपर घेऊ नका. का, ते तुमच्याच आकड्यांनी सांगतो.

तुम्ही लिहिता की डिझेल जाऊन महिन्याला १ लाख १५ हजार सुटतील. हप्ता बसतो साधारण ५७,४०० रुपयांचा. जुन्या गाडीला टायर आणि दुरुस्तीसाठी महिन्याला १५ हजार बाजूला टाकावेच लागतील. विमा, टॅक्स, पासिंगचे ८ हजार धरा. ड्रायव्हर न ठेवता तुम्हीच गाडी चालवलीत तर ३४,६०० उरतात. हा आकडा बघून कोणालाही मोह होईल. पण हे आठ महिन्यांचं चित्र झालं. पावसाळ्यात खुल्या खाणीत पाणी भरतं, रस्त्यांचा चिखल होतो, खेपा कमी होतात. चार महिने खेपा निम्म्यावर आल्या आणि दुरुस्तीचा खर्चही निम्मा धरला, तरी दरमहा १५ हजारांच्या वर खिशातून घालावे लागतील, कारण हप्ता पाऊस बघून थांबत नाही. वर्षाचा हिशेब केला तर उरतात २ लाख १५ हजार, म्हणजे महिन्याला १८ हजारांहूनही थोडे कमी. आजच्या पगारापेक्षा कमी, आणि त्यात पीएफ नाही, ईएसआयचं कार्ड नाही. ठेकेदाराने दोन महिन्यांचं बिल अडकवलं तर काय, हे मी धरलेलंच नाही.

यावर तुमचं उत्तर मला माहीत आहे: चार वर्षांनी गाडी माझी होईल, विकली तरी बारा लाख कुठे गेले नाहीत. मुद्दा रास्त आहे. या व्यवहारातला सगळा नफा त्या बारा लाखांतच आहे. म्हणून प्रश्न असा की चार वर्षांनी चंद्रपुरात जुना टिपर बारा लाखांना घेणारा माणूस असेल का?

कोळसा उद्या बंद होणार नाही. २०२४-२५ मध्ये देशाचं कोळसा उत्पादन १०० कोटी टनांच्या पुढे गेलं, आणि आपण नेट झिरोचं, म्हणजे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचं, उद्दिष्ट ठेवलंय ते २०७० सालचं. पण टिपरचं दुखणं वेगळं आहे. कोल इंडिया ‘फर्स्ट माइल कनेक्टिव्हिटी’ या नावाने खाणींजवळ कन्व्हेअर आणि सायलो (कोळसा साठवायच्या उंच टाक्या) उभे करत आहे, कोळसा थेट रेल्वेच्या वाघिणीत भरता यावा म्हणून. रस्त्यावरची टिपर वाहतूक कमी व्हावी, धूळ आणि डिझेल वाचावं, हाच त्यामागचा हेतू, आणि आपल्याकडची वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स) हीही कोल इंडियाचीच कंपनी. म्हणजे कोळसा संपायच्या कितीतरी आधी त्याच्या खेपा कमी होतील. भाऊ, तुम्ही कन्व्हेअरचे फिटर आहात. जे यंत्र टिपरची जागा घेतंय त्यावरचं काम सोडून तुम्ही टिपर घ्यायला निघाला आहात.

आता नोकरीच्या भीतीबद्दल. तुमच्या केंद्रातले संच क्रमांक ३ आणि ४ हे २१० मेगावॅटचे आहेत आणि त्यांनी चाळीशी गाठली आहे. १ आणि २ आधीच निवृत्त झाले. तुमचं काम या दोन संचांशी बांधलेलं असेल तर धोका जवळचा आहे. ५०० मेगावॅटच्या पाच संचांवर असेल तर बराच लांबचा. सुपरवायझरला विचारून हे आधी नक्की करा. पण काम गेलं तरी हातातलं कसब जात नाही. बेल्टचं जॉइंटिंग, व्हल्कनायझिंग, रोलर-पुली बदलणं, हे गडचांदूर, आवारपूर, घुग्घुसच्या सिमेंट कारखान्यांतही लागतं. हे कारखाने हरित नाहीत, मान्य. पण औष्णिक संच बंद झाला म्हणून ते त्याच दिवशी बंद पडत नाहीत, आणि तुमच्या घराला आत्ता तेवढं अंतर पुरेसं आहे. सोलरचाही विचार करा. सोलरच्या कामाचं सरकारी ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षण ६०० तासांचं आणि मोफत आहे, आयटीआय झालेल्यांना चालतं. फक्त एवढं ध्यानात ठेवा की सोलर प्रकल्पात बसवताना पुष्कळ हात लागतात, चालवताना मोजकेच. ते जोडधंदा म्हणून धरा. सगळा भार त्यावर टाकू नका.

पीएफला हात लावू नका, हे मी हात जोडून सांगतो. तुमची नोंद साडेआठ वर्षांची आहे. दहा वर्षं पूर्ण झाली की पेन्शनचा हक्क लागतो. दीड वर्षासाठी तो घालवायचा? १५ हजारांच्या पगारमर्यादेवर हिशेब धरला आणि ५८ पर्यंत नोंद चालू राहिली, तर महिना पाच हजारांच्या वर पेन्शन बसते. ३ लाख ४० हजार तसेच राहिले तर सव्वाआठ टक्क्यांनी सोळा वर्षांत बारा लाखांच्या घरात जातात. टिपरवाले सांगतात तेच बारा लाख, टायर न झिजवता. शिवाय सेवेत असताना काही बरंवाईट झालं तर पीएफ सदस्याच्या कुटुंबाला ७ लाखांपर्यंतचा विमा मिळतो.

तुमचा ठेकेदार दोनदा बदलला आहे, त्यामुळे पासबुकात तीन मेंबर आयडी दिसत असतील. जुन्या दोन्हींतली रक्कम आणि सेवा ऑनलाइन अर्ज करून चालू खात्यात ट्रान्सफर करून घ्या. नाव, जन्मतारीख आणि आधीच्या नोकरीची सोडल्याची तारीख तपासा. ती तारीख भरलेली नसली तर अर्ज तिथेच अडकतो. आणि प्रत्येक वर्षाचा गेटपास, पगारपत्रक, हजेरीचा कागद यांचे फोटो काढून ठेवा. छाटणी झाली तर भरपाई आणि ग्रॅच्युइटी मागताना तुम्ही तिथे होतात हे सिद्ध करायला हेच कामी येतात. नव्या औद्योगिक संबंध संहितेत छाटणी झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधीत १५ दिवसांचा पगार मालकाने भरायचा आहे. रक्कम छोटी आहे, पण हक्काची आहे.

एफडी आपत्कालीन निधी म्हणून तशीच राहू द्या. दरमहा दोन हजारांचं आरडी जोडा, सहा महिन्यांचा खर्च जमेपर्यंत. दागिने घरातच असू द्या. धंदाच वाढवायचा असेल तर वहिनींचा वाढवा. घरात कोळशावर न चालणारं उत्पन्न तेवढं एकच आहे. पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम बसतं: अवजारांसाठी १५ हजार आणि पहिलं कर्ज १ लाखापर्यंत, ५ टक्क्यांनी. घरातल्या एकालाच लाभ मिळतो, तो त्यांच्या नावावर घ्या.

एक गोष्ट मनापासून वाटते. हे सगळं एका फिटरने एकट्याने निस्तरावं हे बरोबर नाही. जर्मनीने २०३८ पर्यंत कोळसा सोडायचा कायदा केला तेव्हा कोळशाच्या भागांसाठी ४० अब्ज युरोंपर्यंतची मदत ठरवली, आणि वयाने मोठ्या कामगारांना निवृत्तीपर्यंत भत्ता. आपल्याकडे कायम कामगाराची दुसरीकडे बदली तरी होते. कंत्राटी माणसाचा गेटपास नुसता नवा होत नाही. पण चंद्रपुरात जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, म्हणजे खाणबाधित भागासाठीच्या निधीचा, पैसा आहे. जुन्या खाणपट्ट्यांकडून रॉयल्टीच्या ३० टक्के इतकी रक्कम त्यात येते, आणि कौशल्य विकास हा त्याच्या अग्रक्रमाच्या कामांपैकी आहे. युनियनमार्फत कंत्राटी कामगारांच्या प्रशिक्षणाची मागणी लेखी द्या. रस्ते आणि सभामंडप यांच्याइतकाच तुमचाही त्या पैशावर हक्क आहे.

राहिला इसार. विकणाऱ्याला या आठवड्यातच सांगा की व्यवहार होत नाही. कागदावर परतीची अट असेल तर ती दाखवा, नसेल तर निम्मे तरी परत मागा. काहीच मिळालं नाही तरी ते २५ हजार वाचवण्यासाठी २१ लाखांवर सही करू नका. फायनान्स कंपनीला कोरे चेक किंवा गाडीचे सही केलेले फॉर्म दिले असतील, तर ते आधी परत घ्या.