करडाला सोबत कोणाची?

प्रश्न: दादा, आम्ही कळव्याचं घर सोडून मुरबाडजवळ एक एकरात राहायला आलोय, चार शेळ्या आणि एक गाय आहे. मागच्या आठवड्यात एक शेळी व्याली आणि तिसऱ्या दिवशी गेली, मागे एकच करडू राहिलं. बाटलीने दूध पितं पण रात्रभर इतकं ओरडतं की शेवटी मी त्याला घरात घेऊन झोपते. गोठ्यात दहा दिवसांचं वासरूपण आहे, दोघांना एकत्र ठेवलं तर चालेल का? सासूबाई म्हणतात एकाचे रोग दुसऱ्याला लागतील.

उत्तर: ताई, ठेवा एकत्र. तीन दिवस आईचा चीक पोटात गेलाय हे नशीब समजा. पोट भरलेलं असूनही ओरडतंय म्हणजे सोबत शोधतंय, कळपाचं जनावर आहे ते, आणि या थंडीत त्याला उबही हवीय.

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे हां. हगवण एकाची दुसऱ्याला लागू शकते, कधीकधी माणसालाही, त्यामुळे कोणाचीही शेपटी घाण दिसली की लगेच वेगळं करा, हात धुवा आणि १९६२ या सरकारी पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन लावा.

आमच्याकडे शहापूरला असंच केलं होतं. पहिल्या रात्री करडू कोपऱ्यात उभं, दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर वासराच्या पोटाशी मुटकुळं करून झोपलेलं, हनुवटी त्याच्या मानेवर. मग वासरू उठलं आणि हे धपकन खाली! भीती त्याचीच असते, पंचवीसेक किलोचं वासरू दोन-तीन किलोच्या पिल्लावर बसलं तर संपलंच. म्हणून एका कोपऱ्यात आडवी फळी ठोका, खालून दीड वीत फट, करडू आत जाईल वासरू नाही, आत गोणपाट टाका. वासराला दावं नको, करडाचे पाय गुंततात.

दूध पाजताना करडू उभंच ठेवा, बाळासारखं मांडीवर उताणं घेतलं तर दूध फुप्फुसात जातं. आणि दूध झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं दोघं वेगळी, नाहीतर वासरू त्याचे कान नाहीतर बेंबी चोखत बसतं, बेंबी सुजली की वेगळाच ताप.

दिवसा बाकीच्या शेळ्या जाळीपलीकडून दिसू द्या. घरात झोपवणं मात्र बंद करा, बोकड असेल तर आजच. आमचा असाच लाडावलेला, आता पाहुण्यांना मागून ढुशी देतो.